बाया कुठं बसवता?

आमच्या गल्लीत कुणाला बायकापोरं घेऊन बाहेर जेवायला जायचं असलं, की तो आधी दौलतनानांच्या ओट्यावर येऊन बसायचा. आता हे रोज घडायचं असं समजू नका. जळगावात त्या काळी घरच्या माणसांना हॉटेलात न्यायला निमित्त लागायचं. लग्नाचा बस्ता, डोळ्याचा डॉक्टर, कोर्टाची तारीख, असं काहीतरी. नुसती हौस म्हणून कुणी गेलं, तर त्या घरात चूल पेटत नाही की काय अशी चौकशी दुसऱ्या दिवशी व्हायची, आणि चौकशी करणाऱ्या बाईला उत्तर आधीच ठाऊक असायचं. पण निमित्तं निघायची, आणि निघाली की माणूस नानांकडे यायचा.

नानांकडेच का, तर नाना खाजगी सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होते. सकाळी जळगावहून निघायचं, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला टेकायचं, आणि संध्याकाळी धुळीनं पांढरं होऊन परत यायचं. त्या वाटेवरचं एकही हॉटेल, एकही खानावळ, एकही भज्याची कढई अशी नव्हती, की जिचं नानांनी वाटोळं केलं नव्हतं. तोंडानं हो. हातानं त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नाही.

"नाना, बस्त्याला धुळ्याला चाललो. घरची बठ्ठी माणसं आहेत. स्वस्तात कुठं जेवावं?"

नाना बिडी ओट्याच्या कडेला घासून विझवायचे आणि म्हणायचे, "घरी."

"तसं नाही नाना. बस्ता म्हणजे दिवस जातो."

"मग दशम्या बांधून न्या."

"अहो, पाहुणे आहेत बरोबर. बरं दिसत नाही."

"असं म्हण की. पोटासाठी नाही, दिसण्यासाठी जेवायचं आहे. मग कुठंही जा. सगळीकडं आरसे लावलेत."

तो माणूस चिकट असला तर बसून राहायचा आणि एकेका हॉटेलाचं नाव घ्यायचा. नाना एकेकाला खाली पाडायचे. मोटार अड्ड्याजवळचं? तिथल्या वरणात डाळ शोधायला कंदील लागतो. बाजारातलं? त्याची भजी चांगली, परवा तळली तेव्हाही चांगलीच होती. पारोळ्याचं? तिथला चहा म्हणजे बशी विसळलेलं पाणी, फक्त बशी कुणाची ते सांगत नाही. मग ती कासारांच्या बोळातली खानावळ? त्या खानावळीचा मालक दुपारी डबा उघडतो, तो घरून आलेला असतो. जिथं मालक घरचा डबा खातो, तिथून आपणही घरी जावं.

मी लग्न होऊन त्या गल्लीत आले ते स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. नानांचं आणि आमचं घर एका भिंतीचं. त्यांची बायको यमुनाअक्का आणि मी, आमच्या दोघींच्या चुली त्याच एका भिंतीला टेकलेल्या. भिंत वरपर्यंत गेलेली नव्हती, त्यामुळं इकडची फोडणी तिकडं आणि तिकडचं भांडण इकडं, असा आमचा शेजार. नानांचं बोलणं मी आधी कितीतरी दिवस असं भिंतीवरूनच ऐकलं. माणूस पाहिला तेव्हा वाटलं, एवढ्या बारक्या देहातून एवढी कुचेष्टा निघते कशी. किडकिडीत, कानाशी केस पांढरे, अंगात पलटणीतला खाकी कोट. जळगावच्या वैशाखात, जिथं कावळा पंख पसरून बसतो, तिथं हा माणूस कोट घालून फिरायचा.

नाना हॉटेल पारखायचे ते असं. आत शिरले की टेबलाकडं बघायचे नाहीत, सरळ मागं मोरीवर जायचे. मोरी बघून आले की गल्ल्यावर कोपर टेकायचे आणि मालकाला विचारायचे, "बाया कुठं बसवता?"

मालकाला वाटायचं गिऱ्हाईक आलं. तो खुशीत सांगायचा, "फ्यामिलीची सोय आहे ना साहेब. तो पडदा बघा."

पडदा नानांनी बघितलेलाच असायचा. त्या काळच्या हॉटेलातली फ्यामिलीची सोय म्हणजे काय, ते आता कुणाला खरं वाटणार नाही. हॉटेलाचा जो कोपरा कशाच्याच कामाचा नाही, जिथं वारा येत नाही आणि माश्या जात नाहीत, तिथं एक तार बांधायची, तारेला पडदा अडकवायचा, आणि आत एक डगमगणारं टेबल ठेवायचं. झाली सोय. बाहेरच्या गिऱ्हाइकांनी त्याच पडद्याला हात पुसायचे. नाना म्हणायचे, "काल कोणती भाजी होती ते पाटीवर वाचायचं काम नाही, पडदा वाचावा." आणि चहा न पिता बाहेर पडायचे.

हे खूळ त्यांच्या डोक्यात इटलीत शिरलं. लढाईत त्यांची पलटण तिकडं गेली होती आणि नाना लष्कराच्या ट्रकवर होते. ट्रक एका डोंगरातल्या गावात बिघडला आणि सुटा भाग येईपर्यंत यांना तिथंच राहावं लागलं. त्या गावाचं नाव नाना दर वेळी वेगळं सांगायचे, त्यामुळं ते सोडून द्या. गावात एका म्हातारीची खानावळ होती. गुरांच्या गोठ्यात फळ्या टाकून केलेली, स्वस्त, कारण लढाईनं गावात कुणाकडंच काही ठेवलं नव्हतं. दर रविवारी लोक त्यांच्या देवळातून निघाले की सगळं घरच्या घर तिथं जेवायला यायचं. आजा, सुना, तान्ही पोरं, सगळी एका लांब फळीला. पडदा नाही, आडोसा नाही.

"आणि पहिलं ताट कोणाचं?" नाना गोष्ट सांगताना इथं थांबायचे. "म्हातारीचं. ती मधे बसायची. तिचा पोरगा, हा एवढा मिशाळ बाप्या, कमरेला फडकं बांधून वाढायचा. आणि ती घास तोंडात घालून म्हणायची, आज बिघडलं. तो मान खाली घालून उभा."

गल्लीतले बाप्ये हसायचे. पोटं धरून हसायचे. त्यांना त्या लढाईतले बॉम्ब खरे वाटायचे, बर्फ खरा वाटायचा, पण फडकं बांधून आईला वाढणारा मिशाळ मुलगा काही खरा वाटायचा नाही.

आणि ते जेवण तरी काय? नानांच्या सांगण्याप्रमाणं शेवया. आपल्यासारख्या केसाच्या नाहीत, सुतळीएवढ्या जाड. त्या मिठाच्या पाण्यात उकडायच्या, पाणी ओतून द्यायचं, आणि वरून तेल, लसूण आणि टमाट्याचा लगदा. हे नाना इतकं रंगवून सांगायचे की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, तेवढ्यात आतून अक्का विचारायची, "मिरची?"

"मिरची नसते त्यात."

"मग ते जेवण शे का उतारा?"

अक्काच्या पुढं नानांची पलटण थंड व्हायची. ती पारोळ्याकडची, अहिराणीतच बोलायची, आणि तिचा हात असा की साध्या कळण्याच्या भाकरीबरोबर नुसता ठेचा वाढला तरी माणूस बोटं चाटायचा. शेवया तर तिच्याच. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया पीठ घेऊन तिच्याकडं यायच्या. पण शेवया म्हणजे जावयाला, दूधगूळ घालून. लसणात शेवया घालणाऱ्या बाईला तिनं घरात घेतलं नसतं, मग ती इटलीची असो की इकडची.

आता खरी गोष्ट. नाना लढाईवरून घरी आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी समोरासमोर दोन पाट मांडले आणि अक्काला म्हणाले, बैस, आपण बरोबर जेवू. अक्कानं मला हे नंतर सांगितलं, तेव्हाही तिचे कान लाल झाले होते. बाप्या जेवल्यावर बाईनं चुलीमागं बसून जेवायचं, ही रीत. त्यातून आमच्या गल्लीतली घरं रस्त्याला तोंड करून, दारं दिवसभर उघडी. येणाराजाणारा घरात डोकावून कालवण काय ते सांगायचा. त्या उघड्या दारात नवऱ्याच्या समोर बसून घास घ्यायचा?

"बठ्ठी गल्ली देखी राहिनी," ती म्हणाली, आणि सगळ्या गल्लीच्या नजरेआड, आपलं ताट उचलून चुलीमागं गेली.

नाना त्या दिवशी रागावले नाहीत. म्हणाले, "बरं. घरात लाज वाटते ना? मी तुला हॉटेलात नेईन. टेबलावर, समोर बसवीन. तिथं कोण ओळखतं आपल्याला."

बोलणारा बोलून विसरतो. ऐकणारी विसरत नाही. अक्कानं ते पक्कं धरलं. तिच्या आयुष्यात दुसऱ्यानं रांधलेलं आणि दुसऱ्यानं वाढलेलं ताट बसल्या जागी पुढं येणं, हे तिनं फक्त माहेरच्या लग्नात पाहिलेलं, तेही लहानपणी. जरा मोठी झाल्यावर ती वाढायलाच उभी असायची. भाकरी थापताना ती मला भिंतीवरून म्हणायची, "हॉटेलात ताट कोण उचलतं व? आपण का ते?" मला तरी कुठं ठाऊक होतं. मी म्हणायची, त्यांचीच माणसं उचलत असतील. ती पुढची भाकरी तव्यावर टाकायची. तवा बोलायचा तेवढाच.

पण नाना नेणार कधी? दिवाळी यायची, आखाजी यायची. अक्का विचारायची, यंदा कोणतं? आणि नाना एकेका हॉटेलाची पाटी ते मोरी अशी निंदा करायचे. हे घाण, ते महाग, तिसरं स्वस्त पण पडदेवालं. गल्लीला हसायला तेवढंच हवं होतं. जगाला हॉटेलं सांगतो आणि बायकोला चहाच्या बशीलाही नेलं नाही, असं तोंडावर बोलायचे लोक. मग नाना चिडायचे आणि तो राग अक्कावर काढायचे.

"आधी घरात समोर बसून जेव. मग नेतो."

"आधी न्या. मग बसते."

वर्षं गेली हो या एका वाक्यावर. दोघांच्या जेवणाचे आवाज मला भिंतीवरून ऐकू यायचे. आधी त्यांचे, मग तिचे. कधी एकत्र नाहीत.

मधे एकदा सावद्याचे एक चौधरी आले होते. केळीच्या बागा, पैशाला तोटा नाही, आणि आवाज तर बागेच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल असा. मोठ्या पोराच्या लग्नाचा बस्ता होता, घरच्या सगळ्या बायका बरोबर. त्यांनी नानांना विचारलं, पण ऐकायला नाही, सांगायला. म्हणाले, "ते नवीन हॉटेल झालंय ना, पंख्याचं. तिथंच नेतो."

"बाया कुठं बसवतात तिथं?"

"फ्यामिली रूम आहे नाना. मखमलीचा पडदा."

"मग न्या," नाना म्हणाले. "मखमल गार लागते."

चौधरींनी नेलं. बाप्ये बाहेर पंख्याखाली बसले, बाया आत पडद्यामागं. वाढपी नवीन होता, कुठल्यातरी खेड्यातला, मोठा लाजाळू. परक्या बायामाणसांत आत कसं शिरायचं? त्यानं सगळ्या ताटल्या आणल्या आणि पडद्याच्या बाहेर स्टुलावर एकावर एक रचून ठेवल्या. आतल्या बायांना वास येतोय. पण पडद्याबाहेर हात कुणी काढायचा? सासू म्हणाली सुनेनं काढावा, सून म्हणाली बाहेर मामंजी बसलेत. आवाज द्यावा तर परक्या बाप्यांत आवाज कसा जाईल. बाहेर चौधरींनी पोटभर जेवून ढेकर दिली आणि मोठ्यानं विचारलं, "झालं का गं?" आतून सासूनं सांगितलं, "झालं." सांगणार काय दुसरं? सगळी वरात उठली. स्टेशनवर जाऊन त्या बायांनी पिशवीतून बरोबर आणलेली केळी खाल्ली, आपल्याच बागेतली.

नानांना हे कळलं तेव्हा ते इतकं हसले की बिडीचा ठसका लागला. "सावद्याहून जळगावला केळी खायला आले," म्हणाले, आणि पुढं महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगितलं.

अक्का हसली नाही. ती मला म्हणाली, "भुकेल्या गेल्या व त्या."

मग शंकरशेठचं हॉटेल निघालं. स्टेशनच्या रस्त्यावर. शंकरशेठ म्हणजे डोकं चालवणारा माणूस. डोकं चालवतो हे तो स्वतःच सांगायचा, म्हणून मला ठाऊक. त्यानं नानांच्या इटलीच्या गोष्टी ऐकल्या होत्या आणि त्याला वाटलं, गावात कुणाकडं नाही ते आपण द्यावं. तो नानांकडं आला. "नाना, त्या शेवया मला करून दाखवा. स्वस्तात देईन. इटालियन म्हटलं की लोक येतील."

नाना म्हणाले, "पडदा काढ."

शंकरशेठनं डोकं चालवलं. "काढत नाही. बांधून ठेवतो. तुम्ही आलात तर तुमच्यापुरता उघडा."

नाना कबूल झाले. आणि हे मी तुम्हांला सांगते, त्या आठवड्यात मी अक्काला पाहिली तशी आधी कधी पाहिली नव्हती. ज्या बाईनं लसणातल्या शेवयांना उतारा म्हटलं, ती उन्हात बसून सुतळीएवढ्या जाड शेवया वळत होती. नाना मापाला सुतळीचा तुकडा घेऊन शेजारी. "जाड. अजून जाड." "नाडा करू का पायजम्याचा?" असं चाललेलं. शेवया आमच्या दोघींच्या खाटांवर वाळल्या. मी विचारलं, "अक्का, एवढं करतेस, तुला आवडणार आहेत का?" ती म्हणाली, "आवडो न आवडो. वाढणार दुसरं कोणी."

रविवार ठरला. नाना आमच्या ह्यांना म्हणाले, तुम्हीही चला, फ्यामिली म्हणजे चार माणसं तरी दिसली पाहिजेत. आमचे हे कापसाच्या जिनात कारकून, भिडस्त. नाही म्हणता आलं नाही म्हणून आले. मी मांडीवर लेक घेऊन. अक्कानं भावाच्या लग्नातलं हिरवं लुगडं काढलं होतं आणि नथ घातली होती. नानांनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. आम्ही निघालो तेव्हा गल्लीतली सगळी दारं उघडी होती, हे काय सांगायला पाहिजे.

बाहेर पाटी होती, "इटालियन शेवया. सहकुटुंब या." शंकरशेठनं आम्हांला भिंतीकडचं टेबल दिलं. पडदा तिथंच, भिंतीला सुंभानं बांधलेला. आम्ही बसलो. अक्का नानांच्या समोर. खुर्चीवर कसं बसायचं ते तिला ठाऊक नव्हतं, ती काठावर बसली, पण मान वर होती. मी मात्र लेकीच्या तोंडाआड तोंड लपवलं होतं.

आणि हॉटेलातले सगळे चहाचे आवाज थांबले. जिनातले लोक होते, बाजाराला आलेले शेतकरी होते, कचेरीतले दोघेतिघे होते. सगळ्यांनी वळून पाहिलं. वाघीण आणून बसवली असती तरी एवढं पाहिलं नसतं. ताटल्या आल्या. लाल, वाफाळलेल्या. तेवढ्यात गल्ल्याजवळून कुणीतरी बोललं, "दौलत ड्रायव्हरनं आज चूल उचलून आणली वाटतं." एकजण हसला. मग दुसरा म्हणाला, "वहिनी, आम्हांलाही वाढा थोडं." मग सगळेच हसले.

नाना उठले. मला वाटलं, आता मारामारी. अक्कालाही तेच वाटलं होतं, तिनं नंतर सांगितलं. एवढी वर्षं सगळ्या जिल्ह्याच्या हॉटेलांना धुवून काढणारी ती जीभ, आता तिचं काम आलं होतं. नाना त्या लोकांकडं गेले नाहीत. भिंतीकडं वळले. सुंभाची गाठ सोडली, आणि पडदा स्वतःच्या हातानं आमच्याभोवती ओढून घेतला. कड्या तारेवरून खर्र करत गेल्या आणि आम्ही आत कोंडले गेलो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आमच्या ह्यांनाही.

आत उकडत होतं. नाना बसले ते ताटलीकडं बघत. अक्का नानांकडं बघत होती, किती वेळ कोण जाणे. मग तिनं खाली बघितलं आणि जेवायला लागली. त्या सुळसुळणाऱ्या शेवया बोटांनी गोळा करून, एक एक घास, सगळी ताटली. शंकरशेठच्या आचाऱ्यानं त्यात मिरची घातली होती, आणि जोखीम नको म्हणून थोडी साखरही. नानांनी हात लावला नाही. अक्कानं शेवटचा घास खाल्ला, ताटली पुढं सरकवली आणि म्हणाली, "मीठ कमी शे."

तेवढंच. ताटली उचलायला गडी आला नाही, पडद्याबाहेरच घुटमळत राहिला. अक्कानं पडदा बाजूला केला आणि भर हॉटेलातून चालत बाहेर गेली.

त्यानंतर काही दिवसांनी एक माणूस ओट्यावर आला. "नाना, धुळ्याला चाललो, बायकापोरं आहेत, कुठं जेवावं?" नाना बिडी विझवत होते. आतून अक्काचा आवाज आला, "तेस्ले काय विचारतस? पडदा कसा ओढाना ते विचारा."

तेव्हापासून त्यांनी हॉटेलं सांगणं बंद केलं. गल्लीनं आधी मजा केली, मग गल्लीला चुकल्यासारखं वाटू लागलं. कुचेष्टेचीही सवय लागते माणसाला. शंकरशेठनं पाटी पुसून "स्पेशल शेवया, दुधातील" असं लिहिलं. भिंतीपलीकडून जेवणाचे आवाज तसेच, आधी त्यांचे, मग तिचे. फक्त मधे बोलणं नसायचं.

पुढं त्या मोटारी सरकारी झाल्या आणि नानांची बदली धुळ्याला झाली. बैलगाडीत सामान चढलं, त्यात अक्काचा शेवयांचा पाट सगळ्यात वर होता. ती माझ्या लेकीच्या हातावर गूळ ठेवून गेली. नाना कोटात.

मग मी त्यांना एकदाच पाहिलं. लेकीचे डोळे दाखवायला मी धुळ्याला गेले होते. डॉक्टरकडून निघाले तर दुपारची वेळ. म्हटलं, अक्काचं घर जवळ आहे असं ऐकलंय, जाऊन यावं. सांगितलेलं नव्हतं. रस्त्याला लागून एकच खोली, दार सताड उघडं. मी रस्त्यातच थांबले.

समोरासमोर दोन पाट. एका पाटावर अक्का, रस्त्याकडं तोंड करून, पुढं ताट. दुसरा पाट रिकामा. नाना उघड्या अंगानं, कमरेला फडकं बांधून, पातेल्यातून वाढत होते. कोट खुंटीला होता. कोटाशिवाय नाना मी पहिल्यांदाच पाहिले, आणि ते आणखीच बारीक वाटले.

अक्का उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "ये व बहीन, बठ." आणि त्यांच्याकडं न बघता, "तिलेबी वाढा."

नानांनी मला पाट दिला, ताट दिलं. जाड शेवया, टमाट्यानं लाल, लसणाचा वास. मिरचीही होती, अक्काची. मी विचारलं, "हे कधीपासून?" ती म्हणाली, "जळगाव सोडताना मी सांगून टाकलं, तिथं हॉटेल शोधायचं नाही. शेवया मी वळीन, शिजवायच्या तुम्ही. दार मी बघते."

अक्कानं घास घेतला. नाना पातेलं हातात धरून उभे. ज्या माणसानं जळगावपासून धुळ्यापर्यंत एकाही आचाऱ्याला पास केलं नव्हतं, तो विचारत होता, "कसं झालंय?"

अक्कानं घास सावकाश चावला. सावकाशच गिळला. "परवापेक्षा बरं," म्हणाली.

रस्त्यानं दोघी बाया हंडे घेऊन चालल्या होत्या. आमच्या दाराशी त्यांची चाल मंदावली. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं आणि दोघी पदरात तोंड घालून हसल्या. मला बसवेना. सवयच ती. मी ताटावरून उठले आणि दार लोटायला गेले.

नाना तेव्हा पातेलं खाली ठेवून तिच्या समोरच्या पाटावर बसत होते.

"राहू दे," अक्का म्हणाली. "उघडंच राहू दे."